एकशे बेचाळीस व्होल्ट

आधी ऐकू आलं.
दिव्यांकडे नजर नंतर गेली.
फ्रिज कण्हत होता. उठायला जातोय, गुडघा साथ देत नाही,
मग टक्‌, आणि गप्प.
तीन मिनिटांनी पुन्हा तेच.
तासगावात बत्तीस वर्षं जळक्या मोटारी भरल्या मी,
हा आवाज मला झोपेतही कळतो.
उठून आधी प्लग ओढला.

मग पाहिलं: जिन्यावरचा जुना बल्ब
काकवीच्या रंगाचा झालेला,
आतल्या तारेचे वेढे मोजता यावेत इतका मऊ.
इकडे याला ब्राऊनआउट म्हणतात.
रंगाच्या बाबतीत तरी हे लोक खोटं बोललेले नाहीत.

बाहेर स्वेलडेलचा वारा
दगडी कुंपणांवरून उड्या टाकत खाली उतरत होता.
वर टेकाडावर कुठेतरी तीन तारांतली एक तुटली असणार,
उरलेल्या दोघी जमेल तसं निभावून नेतायत.

मल्टिमीटर बॅगेत होताच.
विमानतळावर ऋजुता हसली होती,
बाबा, इथे हे कशाला?
टोकं लावली.
एकशे बेचाळीस.
हवे होते दोनशे तीस.

किटलीचा हिशोब सरळ,
मिळेल तेवढंच देते, अडीचपट वेळ लावून का होईना.
मायक्रोवेव्ह लबाड.
आत दिवा, ताटली फिरतेय, शेवटी घंटासुद्धा वाजली,
आणि भात गारच्या गार.

फक्त ऋजुताचा लॅपटॉप.
पडद्यावर सुरकुती नाही.
टेबलाशी तिचा चेहरा निळा, उजळ, बोटं चालू.
"लाइट डिम झालीय का?" मान वर न करता,
"माझं सगळं ठीक आहे."

हे नवे चार्जर असेच.
व्होल्टेज पडलं तरी कुरकुर नाही,
तेवढंच काम उरकायला
करंट जास्त ओढतात.
आधीच थकलेल्या लाइनीवर आणखी भार,
आणि घरात कुणाला पत्ता नाही.
मी वाकून टेबलाखाली हात लावला.
गरम होता.

मिसेस मेटकाफ आल्या, गमबूट घालून, टॉर्च घेऊन.
तुमच्याकडेही?
फ्रिज बंद करा, एवढं इंग्रजी मला येतं.
जाता जाता त्यांनी आत डोकावलं,
आणि कॉलम? अजून ॲबर्डीनलाच?
"हो, काम लांबलंय," ऋजुता म्हणाली,
एकसारख्या आवाजात. जराही लुकलुक नाही.

दारामागच्या खुंटीवर कोट नव्हता.
ते मी आलो त्या दिवशीच पाहिलं होतं.
विचारलं नव्हतं.
मोटार खोलण्याआधी तिचा वास घ्यायचा असतो,
नुसती तापलीय की वार्निश जळालंय,
नाकाला कळेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.
हे मी पोरांना शिकवलं.
मुलीच्या घरी नऊ दिवस नुसताच वास घेत बसलो.

पावणेबाराला बल्ब एकदम पांढरा झाला.
ती प्लग घ्यायला उठली.
"थांब. आल्या आल्या लावायचा नाही.
आत गॅसचा दाब अडकलेला असतो.
दहा मिनिटं दे त्याला, आपोआप सुटतो."
"पण आता पूर्ण आलीय ना लाइट."
"तरी."

ती बसली. लॅपटॉप मिटला.
गार भात चमच्याने उकरत राहिली.
चौथं मिनिट.
सहावं.
"जानेवारीतच गेला तो," भाताकडे बघत म्हणाली,
मग पुढचं, आणि त्याच्याही आधीचं,
मधेच अडखळत, मधेच हुंदका गिळत.

दूध नासलं तर नासलं.
साडेबारा वाजून गेले,
आणि प्लग माझ्या हातातच होता.